धोक्याचे मालक

काळजी करणं हा धोंडू भिकाजी परबांचा स्वभाव नव्हता, हुद्दा होता. पवईतल्या एका काचेच्या इमारतीत त्यासाठी त्यांना खुर्ची, टेबल आणि गळ्यात अडकवायचं कार्ड दिलेलं होतं. कार्डावर 'विषयतज्ज्ञ' असं छापलं होतं. विषय कोणता ते छापलं नव्हतं. विषय असा, की कुठल्याही संस्थेत काय काय बिघडू शकतं, बिघडलं तर मान कोणाची धरायची, आणि सरकारचा कोणता नियम आपण आत्ता या घटकेला मोडतो आहोत. इंग्रजीत याला तीन भारदस्त शब्द आहेत. मराठीत घरोघरी हे काम थोरली जाऊ फुकट करते. परबांच्या कंपनीने त्याचं सॉफ्टवेअर केलं होतं आणि त्याला 'नियमसेतू' असं नाव दिलं होतं.

या नियमसेतूची नवी आवृत्ती निघाली आणि परबांची साडेसाती सुरू झाली. नव्या आवृत्तीत नव्या सोयी होत्या. पहिली म्हणजे मशीनशी मराठीत बोलायचं. मोबाइल तोंडासमोर धरा, मनात येईल ते सांगा, मशीन त्यातून धोका हुडकून काढील. दुसरी, प्रत्येक धोक्याला एक मालक हवा. बेवारशी धोका चालणार नाही. मालकाने काही केलं नाही तर मशीन त्याला फोन करणार, तरी नाही केलं तर त्याच्या वरच्याला करणार. शिवाय रंग होते. हिरवा म्हणजे झोपा, पिवळा म्हणजे उठून बसा, लाल म्हणजे पळा. 'सोय' हा शब्द ऐकला की परब सावध व्हायचे. आजवर त्यांच्या आयुष्यात जी जी सोय आली, तिने कोणाची तरी गैरसोय केलीच होती, आणि तो कोणीतरी बहुतेक वेळा परबच निघाले होते.

"परब सर," देवेश म्हणाला. देवेश हा परबांचा साहेब. वयाने त्यांच्या धाकट्या भाच्याएवढा. त्याची मराठी रिक्षावाले आणि वॉचमन यांच्याकडून शिकलेली होती, त्यामुळे ती थेट मुद्द्यावर यायची. "एक रियल सोसायटी पाहिजे. रियल माणसं, रियल धोके. मार्चमध्ये डेमो आहे, मोठे लोक येणार. डेमो हिट झाला तर सगळं सेट. तुमच्या कॉन्ट्रॅक्टचं पण तेव्हाच बघू."

परबांचं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपत होतं. चोपन्नाव्या वर्षी खुर्ची गेली तर दुसरी कोणी देत नाही, आणि दिलीच तर ती इमारतीच्या गेटपाशी, प्लॅस्टिकची असते. मुलगी श्रुतिका अजून शिकत होती. सुलक्षणा, म्हणजे परबांची बायको, घरातून पोळीभाजीचे डबे देत होती आणि संध्याकाळी कंबर धरून बसत होती. या सगळ्याचा विचार करून परब म्हणाले, "आमचीच सोसायटी घ्या ना." मागाहून त्यांना वाटलं, की विषयतज्ज्ञाने निदान स्वतःपुरता तरी धोका ओळखायला हवा होता.

'वेतोबा प्रसाद' ही घाटकोपरच्या भटवाडीतली सात मजली इमारत. पूर्वी तिथे चाळ होती. चाळ पडली, इमारत उभी राहिली, माणसं तीच वर गेली. बहुतेक सगळे कोकणातले, त्यांचे आजे-बापजादे गिरणीत होते. सोसायटीचे चेअरमन बाळकाका तावडे. परबांनी तिन्हीसांजेला सगळ्यांना तळमजल्यावरच्या ऑफिसात बोलावलं, वेतोबाच्या तसबिरीला नमस्कार केला, मोबाइल टेबलावर मधोमध ठेवला आणि विचारलं,

"मंडळी, आपल्या इमारतीला कोणकोणते धोके आहेत असं तुम्हाला वाटतं?"

पंखा तेवढा बोलत होता.

"धोको?" बाळकाकांनी तसबिरीकडे पाहिलं. "धोको कसलो? वेतोबाचो हात आसा डोक्यार."

"तसं नाही काका. उदाहरणार्थ, समजा, आग लागली..."

"अगो बाई!" मागच्या रांगेतून एक बाई कळवळली. तिने पोराचे कान झाकले. पोराने उत्सुकतेने ते सोडवून घेतले.

"रे धोंडू, तिन्हीसांजे अभद्र कित्याक बोलतंस?" बाळकाका खवळले. "वास्तु तथास्तु म्हणता ना रे!"

परबांनी आग सोडली आणि लिफ्ट धरली. "बरं, समजा लिफ्टची दोरी..." एवढ्यावरच चौथ्या मजल्यावरच्या श्वेताने हात जोडले. तिचे सासरे नेमके त्याच वेळी लिफ्टमध्ये होते. परबांनी भूकंप, शॉर्टसर्किट, गळकी टाकी, चोर असं एकेक नाव घेऊन पाहिलं. प्रत्येक नावागणिक दोन माणसं उठून गेली. शेवटी उरले ते चहासाठी थांबलेले.

आता यात लोकांचा काय दोष? ज्या माणसांच्या घरात मीठ संपत नाही, मीठ 'वाढतं', बांगडी फोडत नाहीत, 'वाढवतात', दारातून निघणारा माणूस जातो असं कधी म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, त्यांना तुम्ही विचारणार, की बाबांनो, तुमचं वाईट कसं कसं होईल ते जरा सविस्तर सांगा! वाईट शब्द तोंडातून काढला की तो घरी राहायला येतो, हे परबांच्या आईनेही त्यांना शिकवलं होतं. पण पगार ज्याचा, शिकवण त्याची.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नियमसेतूवर 'वेतोबा प्रसाद'चं पान हिरवंगार दिसत होतं. धोके शून्य. देवेशने ते बघून डोक्याला हात लावला. "सर, झिरो धोका असली बिल्डिंग मुंबईत आहे का? स्वर्गात असेल. काही पण करा, लोकांना बोलायला लावा."

मग परबांनी युक्ती काढली. धोका हा शब्दच काढायचा नाही. रोजच्या गप्पा मारा, तक्रारी सांगा, मशीन आपोआप काय ते ओळखील. ही युक्ती लोकांना पसंत पडली, कारण तक्रार अभद्रात मोडत नाही. आठवड्याभरात अख्खी इमारत आपापल्या किंवा ऑफिसात ठेवलेल्या सोसायटीच्या मोबाइलपाशी मन मोकळं करू लागली. परबांना थोडं बरं वाटलं. वाटायला नको होतं.

पाचव्या मजल्यावरच्या सुशांतने कळवलं, "लिफ्टची पार वाट लागलीय यार, बघा जरा." मशीनने ऐकलं, विचार केला आणि नोंद केली: 'लिफ्टसाठी वाट उपलब्ध झाली आहे. स्थिती हिरवी. अभिनंदन.' लिफ्टच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "बघतो," आणि फोन ठेवताना म्हणाला, "चला, येतो." मशीनने लिहिलं, 'पाहणी सुरू. तंत्रज्ञ मार्गस्थ.' मेकॅनिक आठवडाभर मार्गस्थ होता. बाळकाका सहाव्या मजल्यावर राहतात. ते रोज गुडघे धरून जिने चढत आणि पहिल्याच मजल्यावर परबांच्या दाराशी थांबून दम खात, म्हणजे परबांना सगळं नीट ऐकू यावं.

कोपऱ्यावरच्या वाण्याने सोसायटीच्या गाळ्यातून सांगितलं, की मी रोज नऊला दुकान वाढवतो, त्यानंतर गाळ्याबाहेरचा सोसायटीचा दिवा चालू राहू देऊ नका. मशीनला यात विनापरवाना बांधकाम दिसलं. त्याने नियम शोधून वाण्याला ताकीद पाठवली, की रोज नऊ वाजता दुकानाचा आकार वाढवणं ताबडतोब थांबवावं. वाण्याने येऊन ती ताकीद परबांसमोर धरली. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं.

आणि मग फोन सुरू झाले. मशीनला एका बाईचा आवाज दिलेला होता. मराठी अशी शुद्ध, की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. "आदरणीय बाळ तावडे," बाई म्हणाली, "आपल्या मालकीचा एक धोका प्रलंबित आहे. गच्चीवरील टाकी." बाळकाकांची गावची जमीन चुलतभावांनी गिळली होती. कणकवलीच्या कोर्टात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं आणि एक गुंठाही हाती लागला नाही.

"जल्माक येवन माज्या नावार काय लागला?" ते जिन्यात उभं राहून सगळ्या मजल्यांना विचारू लागले. "तर फुटकी टाकी!"

दुसऱ्या मजल्यावरच्या अंजनाबाईंचा प्रसंग त्याहून वाईट. अंजनाबाई मूळच्या तुर्भ्याच्या कोळीवाड्यातल्या. पहाटे धक्क्यावरून मासळी आणायच्या, दुपारपर्यंत घाटकोपरच्या बाजारात विकायच्या आणि घरी येऊन आडव्या व्हायच्या. त्यांच्या न्हाणीघराच्या छतातून पाणी ठिबकत होतं, ते त्यांनी मशीनला सांगितलं होतं. दुपारी डोळा लागतो न लागतो तोच फोन.

"या धोक्याचे मालक कोण?" बाईने विचारलं.

"मालक?" अंजनाबाई उठून बसल्या. "माजं मालक तं वारलं गो बाय. लय वरसां जाली."

"मालक अनुपलब्ध असल्यास पर्यायी मालक निवडा."

पुढे अंजनाबाई जे बोलल्या त्यातलं मशीनला काही कळलं नाही, हे मशीनचं नशीब. पण त्या तशाच खाली येऊन परबांच्या दारात पायरीवर बसल्या, आणि शिव्या संपल्यावर थोडा वेळ रडल्या. सुलक्षणाने त्यांना पाणी दिलं. परब आतल्या खोलीत पडद्यामागे उभे होते. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

ऑफिसात तेजलने हे सगळं ऐकून घेतलं. तेजल मशीनला भाषा शिकवणारी मुलगी. घाटकोपर पूर्वेची, गुजराती, परबांना काका म्हणणारी. "काका," ती म्हणाली, "तुमच्या मराठीत सरळ बोलायची काही सोयच नाहीये का?"

परबांना हे लागलं. पण कित्येक वर्षांत कोणी त्यांना काही शिकवा असंही म्हटलं नव्हतं. ते खुर्ची ओढून बसले आणि शिकवू लागले. 'बघतो' म्हणजे बघणार नाही. 'बघू' म्हणजे विषय संपला. 'होऊन जाईल' म्हणजे कोणी करणार नाही. 'येतो' म्हणजे गेला. 'वाट लागली' म्हणजे वाट उरली नाही. दुकान वाढवलं, बांगडी वाढवली, तांदूळ वाढले: वाढवलं ऐकलं की समजायचं, काहीतरी बंद झालं, फुटलं किंवा संपलं. माणसं वाईट गोष्ट मानाने सांगतात. 'देवाच्या कृपेने सगळं ठीक' असं कोणी न विचारता सांगितलं तर ताबडतोब लाल करायचं. दिवसचे दिवस परब बोलत होते आणि तेजल मशीनला भरवत होती. देवेश मधूनमधून दारात उभा राहून ऐकायचा. "क्या बात है," म्हणायचा. "हे तर कुठल्याच डेटामध्ये नाहीये." परबांना तो महिना बरा गेला. घरी आल्यावर ते जेवताना गुणगुणत, त्यामुळे सुलक्षणा चिंतेत पडली.

ही चिंता सोसायटीच्या वार्षिक पूजेला खरी ठरली. खाली मांडव घातला होता. सत्यनारायण झाला, आरती झाली, पंगतीची तयारी झाली. पानं वाढायचं काम सुलक्षणाकडे होतं. सोसायटीचा मोबाइल नेहमीप्रमाणे टेबलावर कान देऊन पडला होता. सुलक्षणा कंबरेला पदर खोचून ओरडली, "चला, पानं वाढलीत, बसून घ्या!"

मशीन आता शिकलेलं होतं. एका दमात सातही मजल्यांवरचे फोन वाजले. "तातडीचा इशारा. पाने संपली आहेत. जेवण संपुष्टात. मालक: सुलक्षणा परब."

जिन्यात उतरणारी माणसं थांबली. काही वरच्या वर परत गेली. दोन कुटुंबांनी बाहेरून पावभाजी मागवली. सहाव्या मजल्यावरून बाळकाकांनी मानाने निरोप पाठवला, की आम्हाला प्रसाद पुरे, पोरांना आधी वाढा. खाली मांडवात तीस पानं वाढलेली, भात निवत चाललेला आणि मधोमध डाव हातात घेऊन एकटी सुलक्षणा. सुलक्षणाच्या माहेरच्या सात पिढ्यांत पंगतीला जेवण कमी पडलेलं नव्हतं. ती परबांशी चार दिवस बोलली नाही. जे काही सांगायचं ते श्रुतिकामार्फत सांगत होती, आणि त्यात विशेषणं बरीच होती.

तेजलने ते वाढणं आणि हे वाढणं वेगळं करून दिलं. पान, भात, आमटी शेजारी असली तर जेवायला बसायचं; बाकी सगळीकडे संपलं समजायचं. या शेवटच्या दुरुस्तीनंतर मशीन खरोखर हुशार झालं, हे परबांनी स्वतः लिहून दिलं.

डेमो उत्तम झाला. सहकारी संस्थांच्या एका मोठ्या गटाची पाहुणेमंडळी आली होती. त्यातले एक वयस्क गृहस्थ मोबाइलसमोर म्हणाले, "आमच्याकडे काय, देवाच्या कृपेने सगळं ठीक चाललंय." पडदा लालभडक झाला. गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "ह्याला कोणी सांगितलं?" सगळे हसले, टाळ्या वाजल्या, आणि मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या परबांचा ऊर भरून आला.

संध्याकाळी देवेशने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर डेमोचा मोबाइल अजून तसाच होता. देवेश उठून उभा राहिला. एरवी तो उठत नसे. त्याने परबांचा हात दोन्ही हातांत धरला.

"परब सर," तो म्हणाला, आणि शब्द जुळवत थांबला. "तुमचं कॉन्ट्रॅक्ट ना... आम्ही वाढवलं."

परबांना क्षणभर काही दिसेना. त्यांनी चष्मा काढून पुसला. देवेशचेही डोळे ओले झाले होते, आणि आजकालच्या पोरांत अजून आदर शिल्लक आहे असं परबांना वाटलं. "तुम्ही खूप केलं आमच्यासाठी," देवेश म्हणाला. मग त्याने त्यांना शाल दिली. शाल साधारण कधी देतात हे परबांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण आनंदात असलेल्या माणसाला शाल नुसती ऊबदार लागते.

त्या दिवशी परब पेढे घेऊन घरी आले. सातही मजल्यांवर स्वतः जिन्याने जाऊन त्यांनी पेढे वाटले, कारण लिफ्ट बंदच होती. "कॉन्ट्रॅक्ट वाढवलं," ते प्रत्येक दारात सांगत होते. वाण्यालासुद्धा पेढा दिला. बाळकाका म्हणाले, "बरा झाला रे. बापसाचा नाव काढलंस." अंजनाबाईंनी कानशिलांवर बोटं मोडली. सुलक्षणाने मात्र पेढा हातातच ठेवला. मग म्हणाली, "अहो, मग मी डबे बंद करू? कंबर फार दुखते हो." परब म्हणाले, "आजच कर." तिने त्याच संध्याकाळी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं, की एप्रिलपासून दुसरीकडे बघा. फोन करताना ती हसत होती. तिला तसं हसताना परबांनी बऱ्याच दिवसांनी पाहिलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या दिवशी ऑफिसच्या काचेच्या दाराने परबांचं कार्ड ओळखलं नाही. परबांनी कार्ड पुसून पुन्हा लावलं. दारावर लाल दिवा लागला. आज तारीख कोणती ते आठवून त्यांना हसू आलं; पोरंटोरं थट्टा करतात, आपणही ती खिलाडूपणे घेतली पाहिजे. म्हणून ते आत बघून हसत उभे राहिले. आतली माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि कोणी हसत नव्हतं.

शेवटी देवेश बाहेर आला. "परब सर? तुम्ही... काही राहिलं का इथे?"

"कार्ड चालत नाहीये," परब म्हणाले. "कॉन्ट्रॅक्ट वाढवलं ना, त्याची नोंद बहुतेक व्हायची असेल."

देवेशचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "सर, मी सांगितलं ना तुम्हाला. मराठीत सांगितलं. तुम्हीच बोलला होता ना, वाईट गोष्ट मानाने सांगायची, डायरेक्ट बोलायचं नाही. मी दोन दिवस प्रॅक्टिस केली, सर. तुम्हाला वाईट नको वाटायला म्हणून." त्याला खरोखर वाईट वाटत होतं, हे परबांना दिसत होतं. "आता सगळं मशीनमध्ये आहे ना सर. वरचे लोक बोलले, आता एक्स्पर्टची गरज काय."

तेजल मागून येऊन उभी राहिली होती. तिचं नाक लाल झालं होतं. त्या दिवशी केबिनमधला मोबाइल चालूच राहिला होता, असं ती म्हणाली. देवेशचं ते वाक्य मशीनने टिपलं होतं, लाल केलं होतं, आणि पुढे लिहिलं होतं: 'करार समाप्त.' त्या केबिनमध्ये चुकीचं ऐकलं होतं ते एकट्या परबांनी.

"सॉरी काका," तेजल म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला कळलंय. तुम्हालाच तर कळणार ना."

"असू दे," परब म्हणाले. मग सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "चला, येतो." आणि ते निघाले.

पवईहून घाटकोपरपर्यंत रिक्षात त्यांनी बरीच वाक्यं जुळवून पाहिली. थोडा आराम मिळणार आहे. काम आता घरूनच बघायचं आहे. कंपनीने मोकळं केलं. सगळी वाक्यं छान होती, मानाची होती, आणि मशीनला शिकवताना त्यांनी स्वतः त्यातल्या प्रत्येकाला लाल रंग लावून दिला होता. सुलक्षणाने दार उघडलं. एवढ्या लवकर कसे आलात, असं तिने विचारायच्या आत ते दारातच म्हणाले, "माझी नोकरी गेली."

असं बोलू नका, असं ती म्हणाली नाही. तिने त्यांच्या हातातला डबा घेतला, ओट्यावर ठेवला आणि खुर्चीत बसली. मग म्हणाली, "गिऱ्हाइकांना पुन्हा फोन करते. दोघंतिघं तरी येतील परत." परबांना ते वाक्य ऐकवेना.

पेढे ज्या वाटेने वर गेले होते त्याच वाटेने बातमीही गेली. संध्याकाळी एकेक जण आला. नोकरीचं कोणी चुकूनही काढलं नाही. गेलेल्या गोष्टीचं नाव घ्यायचं नसतं. सुशांत आला आणि म्हणाला, "परबकाका, तुम्ही आता दिवसा घरीच असाल ना, तर लिफ्टवाल्याच्या मागे तुम्हीच लागा. मला ऑफिसातून जमत नाही." अंजनाबाई सुके बोंबील घेऊन आल्या, आणि जाता जाता न्हाणीघराच्या गळतीचं तुम्हीच बघा म्हणाल्या. वाण्याने गाळ्याच्या दिव्याचं बटण दाखवून ठेवलं. सगळ्यांत शेवटी बाळकाका दम खात खाली आले. त्यांनी पंपाच्या खोलीची किल्ली परबांच्या हातात ठेवली आणि मूठ मिटली.

"आता तू घराकच आसतलस," ते म्हणाले. "तुज्याकडेच ऱ्हवांदे. टाकी पण तुज्याच नावार कर. माजे गुडघे गेले रे."

काळजी वाटते हे सांगायची त्यांची ही रीत होती. ती परबांना कळली, म्हणून त्यांनी सगळं घेतलं. पण रात्रीच्या जेवणाला अजून अवकाश होता आणि सगळ्या इमारतीचे धोके एकट्याच्या नावावर झाले होते, आणि त्यांना फार थकल्यासारखं वाटत होतं.

सगळे गेल्यावर सुलक्षणा त्यांच्याशेजारी येऊन बसली. "अहो," ती म्हणाली, "तुम्हाला भीती वाटते का?"

परबांनी आयुष्यभर हा प्रश्न संस्थांना, पतपेढ्यांना, चेअरमनना विचारला होता, त्यासाठी पगार घेतला होता. त्यांना कोणी विचारला नव्हता. तोंडात 'छे' आलं होतं, 'होईल काहीतरी' आलं होतं.

"हो," ते म्हणाले. "खूप."

"मलापण," सुलक्षणा म्हणाली.

मग पाणी यायची वेळ झाली, म्हणून परब किल्ली घेऊन पंप लावायला खाली गेले.